शेवटी काय हवं, हे विचारायचं कसं

ताई, वृद्धाश्रमात नवीनच आहेस म्हणून सांगते. शेवटच्या दुखण्याचा विषय पोरांसमोर काढू नकोस. पोरं दिसली की म्हातारी ‘तुमी म्हणसान तसं’ म्हणून मोकळी होते. दुपारी तूर निवडता निवडता विचार. ‘मले नळ्या लावून नागपूरले नेऊ नका, घोटभर च्या पाजा’ असं कुणी म्हटलं, तर त्याच शब्दांत वहीत उतरव.

पण नुसत्या वहीला कायदा विचारत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये लिव्हिंग विलचं, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या इच्छापत्राचं, सोपं केलंय. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मॅजिस्ट्रेटची सही आता लागत नाही. आपल्याकडे नोटरी गाठायला तालुक्याला जावं लागतं, तेव्हा माणूस हिंडता-फिरता असतानाच उरक. मन बदललं तर कागदही बदलतो, हेही सांग. आणि नळी नको म्हणजे दुखण्याची गोळी बंद, असं कुणाला समजू देऊ नकोस.