हॉट डॉग बंदच करायचा का?

"मॅडम, याला कॅन्सर तर होणार नाही ना?" आईचा पहिलाच प्रश्न. शेजारी तेरा वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसलेला. हॉट डॉग आणि सिगारेट एकाच यादीत आहेत, असं तिने वाचलं होतं. तेव्हापासून घरात रोज भांडण.

यादी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं; हॉट डॉगमधलं सॉसेज त्यातलंच. तंबाखूही त्याच गटात. पण पुरावा किती पक्का आहे एवढंच तो गट सांगतो. दोन्हींचा धोका सारखा आहे, असं नाही. रोज ५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक सॉसेज खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा मूळ धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. यातला 'रोज' महत्त्वाचा.

"तू किती वेळा खातोस?" आई उत्तर द्यायला लागली, तिला मी हाताने थांबवलं.

"शाळेतून आल्यावर. जवळजवळ रोज. खूप भूक लागते आणि हे लगेच होतं."

मला इथेच खरी अडचण दिसली. पोरगं भुकेलं होतं आणि घरात पटकन हाती लागेल असं दुसरं काही नव्हतं.

"पण प्रोटीन तर मिळतं ना?" आईने विचारलं. मिळतं, बी-१२ आणि झिंकही मिळतं. पण एका बीफ सॉसेजमध्ये सुमारे १५० कॅलरी, त्यातल्या बहुतेक चरबीच्या, आणि प्रोटीन जेमतेम ५-६ ग्रॅम. एक अंडं तेवढंच प्रोटीन निम्म्या कॅलरीत देतं. सोडियम ५०० मिलिग्रॅमच्या आसपास. पाव आणि सॉसचं वेगळंच. मोठ्या माणसाची सोडियमची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे, मुलांची त्याहून कमी. मला या वयात मिठाची ही सवय जास्त खटकते.

बंदी घालू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. चोरून खाणं वाढतं, बाकी काही होत नाही. ठरलं ते असं: शाळेतून आल्यावर उकडलेली अंडी आणि फळ समोर तयार हवं, हॉट डॉग महिन्यातून एकदा-दोनदा, सोबत भरपूर भाज्या. दिवस मुलाने निवडायचा. त्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

निघताना आई म्हणाली, "धाकटी तीन वर्षांची आहे, तिला चकत्या करून देते." ते मात्र मी तिथल्या तिथे थांबवायला सांगितलं. गोल चकती लहान मुलाच्या श्वासनलिकेत घट्ट बसते. द्यायचंच तर सॉसेज आधी लांबीत उभं चिरायचं, मग बारीक तुकडे करायचे, आणि खाऊन होईपर्यंत जवळ बसायचं.