'करण्यात यावा' म्हणजे कुणी करायचा?

"मॅडम, भाषेत एम.ए. करून चूकच केली ना?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकलाय की समोरचा खुर्चीत टेकायच्या आधीच तो मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. मराठीवाले विचारतात, हिंदीवाले विचारतात, जर्मनच्या दोन-तीन परीक्षा दिलेलेही विचारतात. कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये जायचंय म्हणतात, आणि पुढच्याच वाक्याला "पण तिकडे एमबीएच लागतं" म्हणून आपणच कडी लावून घेतात.

त्यातलीच ही एक. तपशील थोडे बदललेत. वय सत्तावीस, एम.ए. मराठी, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन येईल तेव्हा येईल. राहायला भोसरीत, भाऊ चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात सुपरवायझर.

"माझ्याकडे कंपनीला देण्यासारखं काहीच नाही."

"काहीच?"

"व्याकरण आणि संतसाहित्य. त्यांना काय करायचंय त्याचं?"

मी विवेकनिष्ठ पठडीतली, म्हणजे माणसाच्या टोकाच्या समजुती तपासून बघणारी. माणूस 'च' लावून बोलायला लागला की माझे कान टवकारतात. काहीच, कधीच, एमबीएच. पण 'च'शी नुसता वाद घालून तो हटत नाही. त्याच्याविरुद्धचा पुरावा त्या माणसाच्याच घरात सापडावा लागतो.

तरी दुसऱ्या भेटीत मी घोळ घातलाच. सॉफ्ट स्किल्सचं अमुक प्रमाणपत्र कर, जर्मनचा वर्ग लाव, असं सुचवत बसले. तिने मुकाट्याने सगळं वहीत उतरवलं आणि पुढची वेळ चुकवली. तेव्हा माझं मला कळलं की हिच्याकडे काही नाही हे मीसुद्धा धरूनच चालले होते.

ती परत आल्यावर एकच गृहपाठ दिला. गेल्या वर्षभरात लोकांनी "जरा बघ ना गं" म्हणत तुझ्याकडे काय काय आणलं, त्याची यादी कर. यादीत शेजारच्या काकूंचा सोसायटीला अर्ज, मामेबहिणीची लग्नपत्रिका, आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, 'दादाच्या कंपनीतला कागद'.

"हा कसला कागद?"

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. प्रेस मशीनजवळ लावायची सूचना होती. 'यंत्र कार्यान्वित करण्यापूर्वी सुरक्षा साधनांचा वापर करण्यात यावा व हस्त धोक्याच्या क्षेत्रापासून दूर ठेवण्यात यावेत.' त्याखाली तिच्या हातचं: 'आधी हातमोजे आणि गॉगल घाला. डावा हात डाव्या बटणावर, उजवा उजव्या बटणावर ठेवा. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येईल.'

"काय बदललंस यात?"

"कर्ता आणला, मॅडम. 'करण्यात यावा' म्हणजे कुणी करायचा? ते वाक्यात नाहीच. वाचणाऱ्याला वाटतं, दुसरा कुणीतरी करेल."

"हे कुठे शिकलीस?"

"एफ.वाय.ला. प्रयोगांच्या तासाला. कर्तरी, कर्म..." आणि ती थांबली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी मुद्दाम काही बोलले नाही. या जागी समुपदेशकाने तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात. मग ती हसली, बराच वेळ हसली, डोळे पुसले. "नवीन मुलं रजिस्टरवर न वाचताच सही ठोकायची, दादा सांगत होता. हा कागद लावल्यावर प्रश्न विचारायला लागली."

(माझ्या दारावर 'पादत्राणे बाहेर काढण्यात यावीत' अशी पाटी होती. त्या संध्याकाळी मी ती उतरवली.)

इथून पुढे सल्ला सोपा होता. कंपनीत तुमची पदवी कुणी फार वेळ बघत बसत नाही. फेरकाम कमी होईल का, अपघात टळेल का, गिऱ्हाइकाची तक्रार थांबेल का, एवढं बघतात. म्हणून 'मी कम्युनिकेशन शिकवते' असं सांगत जाऊ नका, ते सांगणारे पैशाला पासरी आहेत. दोन तासांचा एकच विषय घ्या: शिफ्ट बदलताना नोंद कशी लिहायची, डिप्लोमा झालेल्या पोराने गिऱ्हाइकाला ई-मेल कसा लिहायचा. आधी एक दिवस शॉपफ्लोअरवर उभं राहून तिथले कागद वाचा आणि उदाहरणं त्यातूनच उचला. जपानी-जर्मनवाल्यांनाही हेच लागू, परीक्षेची पातळी दार उघडते, पण आत ड्रॉइंगवरचे शब्द लागतात.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा मालकाला ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायला लावतो, आणि लाइनवरच्या बायकांना त्या मराठीतून हव्या असतात. इथे भाषेच्या माणसाला खरंच जागा आहे. पण कायदा नीट शिकूनच जा, कुणाची तरी स्लाइड वाचून दाखवायला नको.

पैशाचंही बोलते, कारण भाषावाले इथे लाजतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, फुकट होते. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं, ही ओळ बिलावर छापून टाका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटीची भानगड नाही. आणि तासिका लगेच सोडू नका. घरचा किराणा पहिल्या बिलाची वाट बघत थांबत नाही.

तिने पहिलं काम भावाच्याच कंपनीत केलं, पण दुसऱ्या विभागात, तिथल्या मॅनेजरला स्वतः कागद दाखवून. आता तीन कारखान्यांत जाते. तासिका एकाच कॉलेजची ठेवली आहे, आणि ती पैशासाठी नाही असं म्हणते. मला ते पूर्ण पटत नाही.

परवा आली ती नवीनच काळजी घेऊन. लाइनवर निम्मी पोरं बिहार-ओडिशाची, मराठी कागद त्यांना उपयोगाचा नाही. म्हणून तिने कंपनीतल्या हिंदी सूचना मागवून घेतल्या होत्या. पिशवीतून गठ्ठा काढला, वरच्याच पानावर 'उपयोग किया जाए'वर लाल गोल.

"इथेही कर्ता पळालाय, मॅडम."