विमान सुखरूप उतरवलं, तरी पायलटचीच चौकशी का होते?

सत्कार करायचा सोडून चौकशी कसली, असं तुम्ही विचारलंय. आमच्या मावशीने हेच थेट कॅप्टनला विचारलं होतं.

मुंबईहून इंदूरला येत होतो. उतरायला वीसेक मिनिटं असताना घरघर सुरू झाली आणि थोड्या वेळाने थांबली. एक इंजिन बंद केलंय, असं सांगण्यात आलं. मावशीने मांडीवरचा चकल्यांचा डबा असा कवटाळला की हवाईसुंदरी दोनदा ओरडली तरी सोडेना. खाली बिजासनमातेची टेकडी दिसल्यावर एक हात मोकळा करून नमस्कार तेवढा केला. टेकलो तेव्हा अग्निशमनाच्या गाड्या शेजारून पळत होत्या. दारात कॅप्टन उभे होते. "आता तुमचा सत्कार ना?" "नहीं आंटीजी, अब पूछताछ होगी."

मोठा अपघात किंवा गंभीर घटना असेल तर आपल्याकडे एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास ब्युरो, तपास करतं, त्याखालच्या घटना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, बघतं. आमची घटना डीजीसीएकडेच गेली. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की हा तपास पुन्हा तसं घडू नये यासाठी असतो, दोष ठरवण्यासाठी नव्हे. पायलटला ते तसं वाटत असेल का, हा भाग वेगळा.

मी सराफ्यात बसतो, म्हणून मला १९८३ची कॅनडातली गोष्ट फार पटते. आमच्याकडे जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्लीचा १० ग्रॅमचा. कुठला ते विचारलं नाही की भांडण ठरलेलं. तिथे बोईंग ७६७ला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाकीचे काटे बंद, म्हणून हिशेब हाताने केला, आणि त्यात किलोच्या जागी पौंडाचा आकडा धरला. म्हणजे निम्म्याहून कमीच भरलं. ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडली. कॅप्टन पिअर्सन यांनी विमान तरंगत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, ६९ माणसं वाचली. पण तो चुकलेला हिशेब वैमानिकांच्याही हाताखालून गेला होता. कंपनीने कॅप्टनचा हुद्दा सहा महिने उतरवला. चौकशीत मात्र कंपनीची कार्यपद्धती आणि प्रशिक्षणही कमी पडल्याचं निघालं, आणि १९८५मध्ये त्याच लँडिंगसाठी दोघा वैमानिकांचा गौरव झाला. नुसता हार घालून मोकळे झाले असते, तर पौंड-किलोचा घोळ तसाच राहिला असता.

विमान शाबूत उतरलं की एक वेगळीच घाई असते. कॉकपिटमधल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग बऱ्याच विमानांत शेवटच्या दोन तासांचंच टिकतं. वीज चालू राहिली तर जुन्यावर नवं चढत जातं, म्हणून त्याची वीज तोडणारा ब्रेकर ओढून ठेवावा लागतो. उंची, वेग असे उड्डाणाचे आकडे मात्र २५ तासांचे असतात.

आम्हाला चौकशीवाल्यांचा फोन आला, घरघर कुठल्या बाजूने होती विचारायला. मी डावी सांगितली. शेजारच्या सीटवर बसलेल्या मावशीने ठामपणे उजवी सांगितली, वर चकल्यांचंही सांगितलं.