इंग्लंडमधल्या जुन्या बग्गीखान्याचं घर करताना सगळ्यात आधी काय पाहावं?

आधी कागद पाहा. इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतींच्या यादीत बग्गीखान्याचं स्वतंत्र नाव नसलं, तरी तो यादीतल्या मोठ्या हवेलीच्या आवारात १ जुलै १९४८च्या आधीपासून उभा असेल, तर बहुतेकदा त्यालाही तेच संरक्षण लागू होतं. तिथे परवानगीशिवाय मूळ स्वरूपाला धक्का लावणारा बदल केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. नुसता दंड भरून सुटका होईल अशा भ्रमात राहू नका.

दुसरी गोष्ट भिंती, आणि लोक इथेच फसतात. खाली बग्गी आणि घोडे, वर गवताचा माळा आणि गाडीवानाची खोली, अशी साधारण रचना असायची. घोड्यांच्या मुतातले क्षार वर्षानुवर्षं विटांत मुरलेले असतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून छप्पर धड असूनही भिंत ओली दिसते. त्यावर सिमेंटचा गिलावा केलात तर ओल आतच कोंडते. चुन्याचाच गिलावा करा, भिंतीला श्वास घेऊ द्या. विजेवर चालणारं ओल मोजायचं यंत्रही क्षारांमुळे फसतं, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर महागडे उपचार करून घेऊ नका.

बग्गीचा मोठा दरवाजा मात्र अजिबात बुजवू नका. मागची भिंत बऱ्याचदा बिनखिडकीची असते, उजेड काय तो समोरूनच. तिथे काच बसवायची आणि जुनी लाकडी दारं बाहेर उघडी ठेवायची, हे मला सगळ्यात देखणं वाटतं.