पाळक व्हायचंय? आधी घर कुणाच्या नावावर आहे ते विचारा

तुम्ही लिहिलंय त्यातलं मला समजलं ते असं: वय ३२, हिशेबखात्यात ८ वर्षं नोकरी, रविवारच्या उपासनेत अधूनमधून उपदेश देता, लोक म्हणतात "तुम्ही किती छान बोलता, पाळकच व्हा." आता नोकरी सोडून दीक्षा घ्यायचा विचार पक्का होत चाललाय. पैसे किती मिळतात, अभ्यास किती वर्षांचा आणि बायकोला यात काय करावं लागतं, हे तीन प्रश्न आहेत. मी २९ वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो, आता निवृत्त आहे. स्वतःचा अनुभव प्रोटेस्टंट चर्चमधला, बाकीचं बरोबरच्यांकडून पाहिलेलं-ऐकलेलं.

"छान बोलता" हे आधी बाजूला ठेवा. उपदेश असतो वीस-पंचवीस मिनिटांचा, त्याच्या तयारीला फार तर दीड दिवस. उरलेला आठवडा कमिटीच्या बैठका, गळकं छप्पर, आजाऱ्यांच्या भेटी, लग्न ठरलेल्या जोडप्यांशी बोलणं, वाटणीवरून बोलणं सोडलेले दोन भाऊ आणि रात्री अकराला वाजणारा फोन, यात जातो. तिथे छान बोलणारा माणूस बहुतेक वेळा अडचणच करतो. मी केली.

पहिल्याच वर्षातला एक दफनविधी. ऐंशीच्या पुढच्या बाई होत्या, मी त्यांना कधी भेटलेलो नव्हतो. घरच्यांकडून नाव, वय, मुलांची नावं कागदावर उतरवून घेतली आणि त्यावर, मला वाटलं, चांगलं भाषण बांधलं. बाईंचं नाव तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा पहिल्या बाकावरचे त्यांचे यजमान काठी टेकत उठले आणि म्हणाले, "तिला या नावानं कुणी कधी हाक मारली नाही हो." दाखल्यावरचं नाव होतं ते. मी तिथेच थांबून विचारलं, "मग काय म्हणायचे तुम्ही?" त्यांनी सांगितलं. दोन अक्षरी नाव, लाडाचं. कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढचा सगळा विधी त्या नावानं केला. त्यानंतरच्या प्रत्येक दफनविधीआधी माझा पहिला प्रश्न तोच राहिला: घरात काय म्हणायचे?

हे शिकता येतं का? बरंचसं येतं. अँटन बॉइसन नावाचे एक अमेरिकन पाळक स्वतः रुग्ण म्हणून मनोरुग्णालयात राहून आले होते. १९२५ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुस्तकांऐवजी माणसं वाचायला बसवलं. त्यातून पुढे रुग्णालयातल्या पाळकीय प्रशिक्षणाची पद्धत तयार झाली, तिचा एक टप्पा साधारण ४०० तासांचा असतो. रुग्णाशी झालेलं बोलणं नंतर आठवून शब्दन् शब्द लिहायचं आणि गटासमोर वाचायचं. माझ्या पहिल्या कागदावर होतं: बाई म्हणाल्या, "आता घरी कुणीच नाही." आणि खाली मी: "आपण प्रार्थना करू या." आमच्या मार्गदर्शकांनी चष्मा काढून विचारलं, "ही प्रार्थना त्यांच्यासाठी होती, की तुम्हाला खोलीबाहेर पडायचं होतं म्हणून?" चार वर्षांच्या अभ्यासातलं दुसरं काही मला इतकं लख्ख आठवत नाही. तुमच्या चर्चच्या अभ्यासक्रमात ही सोय नसेल तर बाहेरून करा, पण करा.

वर्षांचं सांगायचं तर चर्चगणिक फरक आहे. कॅथलिक धर्मगुरूंसाठी तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र मिळून किमान सहा वर्षं, आणि दीक्षेच्या वेळी वयाची २५ पूर्ण. प्रोटेस्टंट चर्चमध्ये सहसा तीन-चार वर्षांची पदवी आणि मग एखाद्या ज्येष्ठ पाळकाच्या हाताखाली उमेदवारी. तुमचं वय अजिबात जास्त नाही. आठ वर्षं हिशेब पाहिलेला पाळक कमिटीला किती प्रिय होईल, याची तुम्हाला कल्पना नाही.

आता पैसे. इथे एक शब्द नीट समजून घ्या: बऱ्याच चर्चमध्ये पाळकाला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तर त्यामागचा विचारच असा, की ही कामाची किंमत नाही. पोटापाण्याची काळजी न करता सेवा करता यावी इतपत ही तजवीज आहे. म्हणून रक्कम बेताची आणि सोबत राहायला घर. जर्मनीत गणित वेगळं: तिथे सभासदांच्या प्राप्तिकरावर राज्यानुसार ८ किंवा ९ टक्के चर्च-कर लागतो, त्यामुळे पाळकाचं बस्तान सरकारी नोकरासारखं. तुर्कस्तानात इमाम सरकारचेच नोकर असतात, १९२४ साली स्थापन झालेल्या धर्मखात्याचे. आणि स्वतंत्र चर्चमध्ये रविवारच्या दानपेटीवर सगळं. तिथे चार मोठी कुटुंबं रुसली की पाळकाचं घर हलतं, आणि त्याचे उपदेशही हळूहळू त्या चार कुटुंबांना दुखवेनासे होतात. हे मी फार जवळून पाहिलंय. बायबलमधला प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा. अर्धवेळ नोकरी ठेवून पाळकी करणारे आजही पुष्कळ आहेत. तुमच्या हातात हिशेबाची कला आहे, तेव्हा हा पर्याय हसण्यावारी नेऊ नका.

पण पैशापेक्षा घर मोठं. आमच्या एका सहकाऱ्याचं कामावर असतानाच निधन झालं, वय ५४. घर चर्चचं. पंधरवडा उलटल्यावर त्यांच्या पत्नीला पत्र आलं: तीन महिन्यांत जागा रिकामी करावी, नवे पाळक यायचे आहेत. पत्र सभ्य होतं, नियमाला धरून होतं, आणि नव्या पाळकालाही कुठेतरी राहायचंच होतं. मी सामान हलवायला गेलो तेव्हा त्या बाई फर्निचरवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या: हे आमचं, हे चर्चचं. जेवणाच्या टेबलापाशी थांबल्या. म्हणाल्या, "हे कुणाचं ते खरंच आठवत नाही."

तेव्हा "मला पाचारण झालंय" असं ज्या दिवशी वरिष्ठांना सांगाल, त्याच दिवशी विचारा: निवृत्तिवेतन आहे का, आजारपणाचा खर्च कोण करतं, मी मेलो तर घरच्यांना किती मुदत? असं विचारणं अश्रद्धपणाचं वाटतं. वाटू द्या. नोकरीच्या कायद्यावरही विसंबू नका, कारण अनेक देशांत पाळक हा कायद्याच्या अर्थाने कर्मचारीच नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एकमताने सांगितलं, की आपला धर्मसेवक कोण असावा आणि कोण नसावा हे चर्चनेच ठरवायचं, नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचे कायदे तिथे लागू होत नाहीत. बदल्यांचंही आधीच विचारून ठेवा. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या अनेक चर्चमध्ये नेमणूक एकेका वर्षाची असते. ती वाढत जाते, पण हाती पत्र एकाच वर्षाचं.

सुट्टीबद्दल फार लिहित नाही. सोमवार घ्या आणि तो राखा. पहिल्या वर्षी राखला नाहीत तर पुढे कुणी राखू देणार नाही.

राहिला बायकोचा प्रश्न. (तिलाच दीक्षा घ्यायची असती तर उत्तर वेगळं झालं असतं. चर्च ऑफ इंग्लंडने पहिल्या ३२ स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली ती १९९४ साली, ब्रिस्टलमध्ये. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दार अजून बंदच आहे.) कागदोपत्री तिला काहीच करावं लागत नाही. प्रत्यक्षात संडे स्कूल, महिला मंडळ, दारात आलेल्या प्रत्येकाला हसून "या" म्हणणं हे सगळं तिच्याकडे येतं, बिनमानधनाचं. वर तुम्ही रात्री दीडला घरी आलात, तोंड उतरलेलं, तर काय झालं हे तिला सांगता येत नाही. लोक विश्वासाने सांगतात ते तुमच्यापाशीच राहायला हवं. माझ्या बायकोने काही वर्षांनी "काय झालं?" विचारणं सोडून दिलं आणि "जेवलास का?" एवढंच विचारायला लागली. ते मला सोयीचं वाटायचं. तिला कसं वाटायचं ते मी निवृत्त झाल्यावर विचारलं. फार उशिरा विचारलं.

म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घेऊ नका. तुमच्या ओळखीतल्या दोन पाळकांच्या बायकांना तिला भेटू द्या, शक्यतो एक निवृत्त पाळकाची. आणि त्या बोलतील तेव्हा तुम्ही खोलीत बसू नका.