दोन घरांत फाइल संथ जातेय? आधी हे बघा

नवा राऊटर घ्यायची घाई करू नका. समजा, पुण्याहून सांगलीला आईबाबांकडे फोटो पाठवताय, मग आधी पुण्याच्या घरचा अपलोड, म्हणजे बाहेर पाठवण्याचा वेग बघा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेकदा डाउनलोड. शिवाय तो आकडा मेगाबिटमध्ये, कॉम्प्युटर दाखवतो मेगाबाइट. आठने भागा. ४० मेगाबिट अपलोड म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ मेगाबाइट, म्हणजे १० जीबीच्या फोल्डरला अर्धा तास लागणारच. नवीन मंडळी इथेच फसतात आणि नसलेला बिघाड शोधत बसतात.

हिशेबापेक्षाही वेग फार कमी असेल, तर:

- दोन्हीकडे लॅन केबल लावून मोजा. वायफायवरच्या आकड्यावरून काही ठरवू नका.
- स्पीड टेस्टवर विसंबू नका. ती सहसा जवळचा सर्व्हर निवडते. तुमचा रस्ता सांगलीपर्यंतचा आहे. दोन्ही टोकांना 'आयपर्फ३' (दोन कॉम्प्युटरमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवा.
- टेलस्केल (दोन घरचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून खासगी जाळ्यात जोडणारं अ‍ॅप) वापरत असाल, तर 'टेलस्केल स्टेटस'मध्ये 'रिले' दिसतंय का? मग फाइल थेट न जाता मधल्या सर्व्हरवरून वळसा घेतेय.

आणि हे पहाटे ६ ला व रात्री ९ ला, दोन्ही वेळा मोजा. माझ्याकडे पहाटे ३८ मेगाबिट, रात्री ७! घरातलं काहीच बदललेलं नव्हतं. दोन इंटरनेट कंपन्यांची जाळी जिथे जोडलेली असतात, तिथे रात्री गर्दी होते. असं दिसलं तर चार दिवसांचे आकडे वेळेसकट लिहून दोन्ही कंपन्यांकडे तक्रार नोंदवा. राऊटिंगच्या, म्हणजे डेटा कुठल्या वाटेने जातो याच्या, खोलात आत्ता शिरू नका. आकडे आले की इथे टाका, मिळून बघू.