शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणे ऐकून इतर रसिकांना त्याविषयी काय आणि कसे सांगावे?

तुम्ही विचारले आहे की, गाणे न शिकलेल्या माणसाने ख्याल-ठुमरीची ध्वनिमुद्रणे ऐकल्यावर जाणकारांमध्ये आपले मत कसे मांडावे, आणि ‘अप्रतिम’, ‘दैवी’, ‘शब्दच नाहीत’ यांच्या पुढे जाऊन काय लिहावे. प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण ध्वनिमुद्रणे ऐकणे आणि त्यांविषयी समानधर्मी लोकांशी बोलणे हा माझ्या आयुष्यातला मोठा आनंद आहे. माझे मत असे आहे की, अभिप्रायाने वाचणाऱ्याला त्या गाण्यातल्या एखाद्या नेमक्या जागेपर्यंत नेऊन सोडावे. ती जागा त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावी आणि मग तुमच्याशी सहमत व्हावे किंवा वाद घालावा. ‘दैवी’ या शब्दाशी वादही घालता येत नाही आणि सहमतीलाही फारसा अर्थ उरत नाही.

उस्ताद अमीर खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेचे उदाहरण घेऊ. तिच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी हे राग आहेत, आणि तिच्याविषयी आजवर इतके बोलले गेले आहे की नव्याने काही सांगणे अवघड वाटावे. मला मात्र ती ज्या अभिप्रायामुळे खऱ्या अर्थाने ऐकू आली, तो एका ज्येष्ठ स्नेह्यांनी पत्रात लिहिलेल्या दोनच वाक्यांचा होता: “मारव्यात खाँसाहेब षड्जावर कधी येतात, एवढेच पाहत ऐका. बाकी काही ठरवू नका.” तसे ऐकायला बसल्यावर लक्षात आले की झूमरा तालाच्या त्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, लयीत आवाज कोमल रिषभावर आणि शुद्ध धैवतावर रेंगाळत राहतो, षड्जाच्या, म्हणजे मूळ ‘सा’च्या, अवतीभोवती फिरतो, पण तिथे सहजासहजी विसावत नाही, त्यामुळे संपूर्ण आलापीभर एक अस्वस्थता साचत जाते आणि षड्ज जेव्हा लागतो तेव्हा तो केवळ आधारस्वर न वाटता मोठ्या प्रतीक्षेनंतरची सुटका वाटते. मारव्यात षड्ज झाकलेला असतो हे मी वाचले होते. पण ते कानाला कळले ते त्या दोन वाक्यांनी. पत्रात विशेषण एकही नव्हते, हे मला आजही महत्त्वाचे वाटते.

असे लिहिण्यासाठी स्वरज्ञान हवेच, असा तुमचा समज असेल तर तो सोडून द्यावा. न शिकलेल्या कानालाही पुष्कळ काही स्पष्ट ऐकू येते. गायक मुखडा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचे शब्द, घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दर वेळी त्याच वाटेने येतो की निराळ्या. बंदिशीचे शब्द स्वच्छ उमटतात की आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’ मध्ये, विरघळतात. तार सप्तकात गेल्यावर आवाज बारीक होतो की त्याचे वजन कायम राहते. सारंगी किंवा पेटी गायकाच्या मागोमाग जाते की मधल्या रिकाम्या जागा भरून काढते. तबलजी ठेका शांतपणे धरून ठेवतो की संधी मिळेल तिथे हात दाखवतो. आणि गायक किती वेळ गप्प राहतो. या शेवटच्या गोष्टीकडे फार थोडे लोक लक्ष देतात, म्हणून तिच्याविषयी कोणी लिहिले की मी ते आवर्जून वाचतो. जे ऐकू आले ते साध्या शब्दांत लिहावे. ज्या स्वराची खात्री नाही त्याचे नाव घेऊ नये, श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांची, चर्चा तर मुळीच करू नये. ‘तालाच्या तिसऱ्या आवर्तनात आवाज एकदम खाली उतरून थांबतो’ असे लिहिले तरी जाणकाराला जागा सापडते आणि तिथे कोणता स्वर लागला ते तोच तुम्हाला सांगतो. शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

आता एका गोष्टीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण रसिकांच्या चर्चांत तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आपण ऐकतो ते गाणे नसते, त्या गाण्याचे ध्वनिमुद्रण असते, आणि ध्वनिमुद्रणाच्या स्वतःच्या मर्यादा असतात. गायिका गौहर जान यांनी १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी ज्या तबकड्या गायल्या, त्यांवर गाण्याच्या अखेरीस त्यांनी इंग्रजीत आपले नाव उच्चारलेले ऐकू येते. मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीत जात आणि तिथल्या तंत्रज्ञांना आवाज कोणाचा ते कळावे, म्हणून ही सोय होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. एरवी तास-तासभर चालणारा ख्याल तेवढ्या अवधीत बसवायचा म्हणजे विलंबित सोडून द्यावी लागे, आलापी दोन-चार स्वरवाक्यांत आटोपावी लागे आणि तान लवकर सुरू करावी लागे. अशा तबकडीवरून ‘या गायकाला बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) करता येत नव्हती’ असा निष्कर्ष काढणारे अभिप्राय मी अनेकदा वाचले आहेत, आणि ते त्या कलाकारावर अन्याय करणारे आहेत. त्याउलट, उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐकताना त्या अल्प अवधीचा विसर पडतो. आवाज टोकदार आणि बारीक, पण लागलेला स्वर जागचा हलत नाही, आणि घाई तर कुठेच जाणवत नाही. दोन्ही गोष्टी लिहाव्यात: मर्यादा काय होती आणि त्या मर्यादेत कलाकाराने काय साधले.

वेगाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. सुरुवातीच्या काळात सर्व तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत नसत. हा वेग पुढे रूढ झाला. कमी वेगाने मुद्रित झालेली तबकडी ७८ च्या वेगाने वाजवली की लय वाढते आणि स्वरही चढतो. वेगात सुमारे सहा टक्के वाढ झाली की स्वर अर्ध्या पट्टीने वर जातो, म्हणजे पेटीवरच्या काळी एकमध्ये गाणारा गायक शेजारच्या पांढरी दोनमध्ये गात असल्यासारखा ऐकू येतो. त्याचबरोबर आवाजाचा गाभा पातळ होतो, तान प्रत्यक्षात होती त्याहून चपळ भासते आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, आखडल्यासारखी वाटते. आपण मग ‘काय विलक्षण तयारी!’ असे लिहून मोकळे होतो, आणि त्या तयारीतला काही भाग यंत्राचा असतो. स्पूल आणि कॅसेटच्या नकलांतही हाच दोष शिरतो, विशेषतः नकलेची नक्कल झालेली असेल तेव्हा. म्हणून आवाज अनोळखी वाटला तर त्याच कलाकाराचे दुसरे, खात्रीचे मुद्रण लावून पट्टी ताडून पाहावी, आणि अभिप्रायात ‘माझ्याकडील प्रत किंचित जलद असावी’ एवढे वाक्य जरूर घालावे.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला. त्यापूर्वीची मुद्रणे कर्ण्यासमोर गाऊन झालेली असत. गायकाला जोर लावून गावे लागे, तंबोरा बहुधा ऐकूच येत नसे आणि तबला दुरून आल्यासारखा वाटे. त्या मुद्रणांत आवाजाचा नाजूक लगाव शोधू नये.

खासगी मैफलींच्या ध्वनिफितींचे मोल वेगळे आहे, आणि मला स्वतःला त्याच सर्वांत प्रिय आहेत. गायक मोकळेपणी गात असतो, समोरून दाद येत असते, आणि त्या दादेने पुढची उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेले गाणे, कशी बदलते तेही कळते. पण अशा फितींची माहिती हातोहात बदलत जाते. तारीख चुकते, साथीदारांची नावे गळतात, कॅसेटची बाजू संपली म्हणून ख्याल मध्येच तुटतो आणि ऐकणाऱ्याला तो गायकाने तसाच सोडला असे वाटते. अशा वेळी ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच सांगावी. कधी मुद्रणातच पुरावा सापडतो. आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती आणि ती १९७१ मध्ये सैल झाली. तेव्हा ‘पन्नासच्या दशकातले आकाशवाणीचे ध्वनिमुद्रण’ म्हणून आलेल्या फितीत पेटीची साथ असेल, तर तिच्या काळाविषयी किंवा स्थळाविषयी शंका घ्यायला जागा आहे. अशी शंका सौम्य शब्दांत मांडली तर सगळ्यांनाच तिचा उपयोग होतो. ज्यांनी ती फीत जपली त्यांचा उल्लेख करावा, आणि त्यांच्या परवानगीवाचून ती पुढे पाठवू नये.

तुलनेविषयी माझे मत थोडे कडक आहे. दोन गायकांची तुलना करायची तर किमान राग, लय आणि अवधी सारखे असावेत. किशोरी आमोणकर यांचा भूप, ज्यात ‘सहेला रे’ आहे, ऐकून त्याशेजारी दुसऱ्या कोणाची तीन मिनिटांची तबकडी ठेवली तर हाती काही लागत नाही. त्यापेक्षा तोच भूप ऐकल्यानंतर एखादा देशकार ऐकावा. आरोह-अवरोहात स्वर तेच पाच, पण भूपात मन गंधाराकडे ओढले जाते आणि देशकारात धैवताकडे. हा फरक एकदा कानाने पकडला की त्यावर लिहिण्यासारखे खूप सापडते, आणि कोणाला कमी लेखण्याची गरज पडत नाही. घराण्याच्या नावाने होणारी भांडणे मी टाळतो. ती ऐकून ठरवलेली नसतात, ठरवून ऐकलेली असतात.

याचा अर्थ प्रतिकूल मत देऊच नये असा नाही. उतारवयातल्या मुद्रणांत दम कमी पडलेला असतो, काही ठिकाणी स्वर उतरतो, आणि ते ऐकू आले तर सांगावे. भक्तिभावाने ते झाकून ठेवले की त्याच मुद्रणात अनुभवातून आलेला जो संयम असतो, तोही लोकांच्या नजरेतून सुटतो. फक्त आपला मुद्दा कोणत्या जागेवर आधारलेला आहे ते सांगायला विसरू नये.

किस्स्यांपासून मात्र जपावे, कारण ते ऐकण्याची जागा घेतात. केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे प्रत्येकाला ठाऊक आहे आणि तिचा विषय निघाला की प्रत्येक जण तेच सांगतो. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्या जेमतेम साडेतीन मिनिटांच्या गाण्यात आकार किती खुला आहे, खालच्या आणि वरच्या सप्तकात आवाजाचे वजन कसे एकसारखे राहते आणि तान घेताना शब्द कुठे टाकला, कुठे पुन्हा उचलला, याविषयी कोणी चार ओळी लिहिल्या तर मी ते गाणे त्याच दिवशी पुन्हा लावीन.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर ओळखीचे एकच ध्वनिमुद्रण घ्यावे. पहिल्यांदा काही न टिपता ऐकावे, काही दिवसांनी पुन्हा ऐकावे आणि दोन्ही वेळा जी जागा लक्षात राहिली तिच्याविषयीच लिहावे. कलाकार, राग, ताल, साथीदारांची नावे आणि मुद्रण कुठून मिळाले ते आधी द्यावे, जागा मिनिट-सेकंदाने सांगावी, आणि जे कळले नाही ते प्रश्न म्हणून विचारावे. त्या प्रश्नाला आलेले उत्तर वाचण्यापूर्वी तो भाग आणखी एकदा ऐकावा, म्हणजे उत्तर देणाऱ्याचे म्हणणे तुमच्या ताज्या कानांनी पारखता येईल.